टीव्हीला खोटं कशाला सांगायचं?

राजारामपुरीत माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून, द्यायचं दुकान आहे, त्यामुळं विजेवर चालणारी कुठलीही वस्तू माझ्यासमोर शहाण्यासारखी वागते.

अपवाद एकच, आमचा नवा पंचावन्न इंची टीव्ही! तो जोडायला कंपनीचा माणूस येणार होता. मी त्याला फोनवरच 'येऊ नको' म्हणून सांगितलं. (वीस वर्षं पाच-पाच अश्वशक्तीच्या मोटारी उलगडणाऱ्याला टीव्ही जोडायला परका माणूस कशाला?) चालू होताच टीव्हीनं पडद्यावर विचारलं, 'मला कुठं वापरणार? घरी की दुकानात?' आता आमचं पुढं दुकान, मागं दोन खोल्या, आणि टीव्ही मधल्या भिंतीवर. वीजसुद्धा दुकानाच्या मीटरची. मी प्रामाणिकपणे 'दुकान' दाबलं. टीव्हीला खोटं कशाला सांगायचं?

दिवाळीला लेक प्राजक्ता पुण्याहून गेम खेळायचा कन्सोल घेऊन आली आणि जाताना तो आईजवळ ठेवून गेली. आमच्या सुमनला मोटारींच्या शर्यतीचं असं वेड लागलं की कुकरच्या शिट्ट्या मी मोजू लागलो! चित्र मात्र भलतंच भडक दिसायचं. शेजारचे कुशनवाले सलीमभाई म्हणाले, "भावा, ही हिरवळ हाय का ऑइलपेंट?" शिवाय बटण दाबलं की गाडी क्षणभर उशिरा वळायची आणि भिंतीला धडकायची.

प्राजक्ताला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, टीव्हीत गेम मोड लावा. रंग शांत होतील आणि गाडी लगेच वळेल."

लावला. आणि खरंच की! पण पाच मिनिटांत चित्र आपोआप पुन्हा भडकलं, आणि खाली जाड पट्टी आली. तिच्यात टीव्हीनं स्वतःचंच कौतुक केलं होतं.

"अवो, ही पट्टी रस्त्यावर येतीया!" सुमन ओरडली.

"येऊ दे की! चांगल्या मालाला जरा अभिमान असतोयच."

रंगांचा रोग मात्र मी तत्काळ ओळखला. व्होल्टेज! स्टॅबिलायझर बसवला. फरक नाही. मग अर्थिंग! परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पोतंभर मीठ आणि सहा बादल्या पाणी ओतलं. टीव्हीवर काही परिणाम झाला नाही, कढीपत्ता तेवढा वाळला. शेवटी मी सुमनला तज्ज्ञ सल्ला दिला, "बटण जरा आधीच दाबत जा." आणि ती बिचारी तसं शिकलीसुद्धा!

आठ महिने असे गेले, आणि गडहिंग्लजहून माझा मेहुणा विलास आला. लहानपणी त्यांच्या घरात सायकल एकच होती, आणि ह्या पठ्ठ्यानं तिला थोरल्या बहिणीचा, म्हणजे सुमनचा, हात कधी लागू दिला नव्हता. सुमनला शर्यत खेळताना बघून तो हसला.

"आक्का, गाडी चालवणं म्हंजे भाकरी थापणं न्हवं. मी घरात पोरांसंगं रोज खेळतोय."

सुमननं दुसरा कंट्रोलर त्याच्या मांडीवर टाकला. ही हरली असती तर विलासनं ते साऱ्या पावण्यांत सांगितलं असतं, आणि सुमननं पुन्हा त्या कन्सोलला हात लावला नसता.

पडद्याचे दोन भाग झाले, वर सुमनचा रस्ता, खाली विलासचा. विलासची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली.

"दाजी, ही गाडी ऐकंना!"

"माणूस शिकल्याला लागतोय तिला," मी म्हणालो.

तेवढ्यात ती पट्टी आली आणि विलासचा अख्खा रस्ता झाकून बसली! सुमन आरामात जिंकली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

"ह्यो रडीचा डाव हाय!" म्हणत विलासनं प्राजक्ताला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला.

"अय्या, ही पट्टी शोरूममध्ये असते," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही सुरुवातीला 'दुकान' निवडलंत?"

"मग? दुकान न्हाय व्हय आपलं?"

"अहो, ते टीव्ही विकणाऱ्या दुकानासाठी! गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरावं म्हणून रंग भडक ठेवतात, आणि कुणी काही बदललं तर टीव्ही पाच मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखं करतो."

विलास जमिनीवर लोळून हसला. मी खालमानेनं 'घर' दाबलं आणि गेम मोड लावला. गवत गवतासारखं झालं, आभाळाला आभाळाचा रंग आला. विलासनं लगेच दुसरी शर्यत लावली. पण सुमनचा हात आठ महिने बिघडवलेला! तिनं सवयीनं बटण आधी दाबलं आणि गाडी सरळ भिंतीला. विलास पुढं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुमन, आता आधी दाबू नको!"

"तुम्ही गप बसा! तुमचंच ऐकलं म्हणून ही पाळी आली!"

तिसऱ्या वळणाला तिचा हात बसला. पाचव्याला ती विलासच्या अगदी मागं आली. शेवटच्या वळणावर विलास तिच्याकडं बघायला गेला, भिंतीला घासला, आणि सुमन सुसाट पुढं! मी सलीमभाईंच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. विलासनं कंट्रोलर खाली ठेवला. "आक्का, चालिवतीस की गं!" तो म्हणाला, आणि सुमनचे डोळे भरून आले. अभिमानानं माझेही भरले.

तो गेल्यावर मी हळूच विषय काढला, "आता चित्र कसं दिसतंय?"

"लई झ्याक. इलास भिंतीला घासल्याला कसा लख्ख दिसला!"

"कुणामुळं?"

"तुमच्यामुळंच की," सुमन म्हणाली. "तुमच्यामुळंच तर आठ महिनं असलं काय दिसलं न्हाय."

ह्यातला 'तुमच्यामुळंच की' एवढाच भाग सध्या मी राजारामपुरीभर सांगत फिरतोय.