न मारलेली हाक

राई गावच्या माळावर इमारती यायच्या होत्या तेव्हाची गोष्ट. दर हिवाळ्यात तिथे भेटणाऱ्या हाटकेश भागातल्या एका फिटरला पाहून माझ्या पोटात दुखायचं. माझी दुर्बीण तोफेएवढी, त्याची सुतळीने बांधलेली. तरी पक्षी हजेरी लावायला त्याच्याचपुढे! साधी चिमणी दिसली तरी हा टोपी काढायचा. मी मात्र भोवत्या हा शिकारी पक्षी वीसदा पाहिल्याचं सगळ्यांना ठोकून दिलेलं. पाहिला एकदाही नव्हता.

एकदा मी माळाकडे पाठ करून डबा खात होतो. वळलो, तर हा टोपी काढून उभा आणि भोवत्या खाडीपार ठिपका झालेला.

"अहो, हाक तरी मारायची!"

"साहेब, तुम्ही वीसदा पाहिलाय. म्हटलं, जेवताना कशाला उठवायचं?"