मिसळलेला माणूस

"जिथं राहायचं, तिथलं व्हायचं! मिसळायला पाहिजे हो!" आमचे सेक्रेटरीकाका हे वाक्य टाकायचे आणि जाकीट खाली ओढून सरळ करायचे. नोएडातल्या आमच्या सोसायटीत ते भाजीवाल्याशीसुद्धा "क्या बात कर रहा है यार" अशा थाटात बोलत. आता ते पुण्याला मुलीकडे गेलेत. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता, हे आधीच सांगून टाकते. तुमच्याही सोसायटीत असेल असा एखादा, बघा जरा.

एकदा मात्र मला त्यांची दया आली होती. गणपतीच्या जेवणाला बोलता बोलता त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ताई, दिल्लीत मुनिरकात नवा होतो तेव्हा घरमालकाने माझा स्टोव्ह जिन्यावरून खाली फेकला. बोंबील भाजले म्हणून. तुम लोग गंदे हो, म्हणाला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं.

बोंबील काही सुटले नव्हते. दर रविवारी सकाळी खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, देवापुढे चार अगरबत्त्या आणि तव्यावर सुके बोंबील. त्यांच्या बरोबर वरच्या घरात मी राहते. माझी आई मालवणची. हा वास मी झोपेतही ओळखीन.

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नायजेरियाची एक मुलगी भाड्याने राहायची. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. काका तिच्यामागे म्हणायचे, "हे लोक मिसळतच नाहीत." अहो, मिसळणार कुणात? ती "नमस्ते आंटी" म्हणाली की बायका आपापल्या मुलांना जवळ ओढायच्या.

वासाच्या तक्रारी वाढल्या, तशी मीटिंग भरली. मला वाटलं, काका कबूल करतील, निदान गप्प तरी बसतील. कसलं काय! स्वतःच उभे राहिले. "बदबू कहाँ से आती है, सबको पता है." सगळ्या माना त्या मुलीकडे वळल्या.

"अंकल, मैं तो मछली खाती ही नहीं. मुझे एलर्जी है," ती म्हणाली. लोक हसले. परीक्षा महिन्यावर आली होती, तेवढी होईपर्यंत राहू द्या म्हणून तिने हात जोडले. काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही आपल्यातल्या." बस्स, एवढ्यावर माझं तोंड बंद. खोटं कशाला बोलू, मासळी माझ्याही घरी शिजते, उद्या काकांनी माझ्या तव्याकडे बोट दाखवलं तर, ही भीतीही होतीच.

घरमालकाने तिला आठ दिवसांत घर सोडायला लावलं. आसपासच्या सेक्टरांत कुणी खोली देईना. शेवटी परीक्षेवर पाणी सोडून ती मायदेशी निघाली.

टॅक्सी आली त्या दुपारी काका गेटवर हजर! तिची बॅग स्वतः डिकीत ठेवली, "टेक केअर, बेटा" म्हणाले. निर्लज्ज मेला! ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळली.

"आंटी, आप बताओ. आपको मेरे घर से बदबू आती थी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. ते मला पुरते ओळखून होते.

"मुझे तो सर्दी-ज़ुकाम रहता है, बेटा," मी म्हणाले.