अर्धं होईपर्यंत उकळलेलं पाणी

सान मार्सिअलच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर अंपारो ओरोस्कोला नोकरी लागली, तेव्हा तिची आई ओबदुलिया रस्ताभर सांगत सुटली, "माझ्या लेकीनं किडे पाळलेत. आणि त्याचा पगार मिळतो बरं का!"

आता हे अगदीच खोटं नव्हतं म्हणा. डोंगरापलीकडच्या कारखान्यात लढाईच्या काळापासून रॉकेटचं जळण बनायचं. त्यातलं परक्लोरेट नावाचं मीठ त्या शहाण्यांनी वर्षानुवर्षं धुण्याच्या पाण्याबरोबर मातीत सोडलं, आणि एक दिवस फाटकाला कुलूप घालून चालते झाले. मीठ कुठं जाणार? उतरलं खाली आमच्या विहिरींत. रंग नाही, वास नाही, चव नाही. गळ्यातल्या थायरॉइडला आयोडीन म्हणून मिळू देत नाही मेलं, आणि पोटुशी बाई प्यायली तर पोटातल्या जिवाच्या मेंदूला धोका. साध्या गाळणीनं ते निघत नाही. म्हणून गावानं उंच टाक्या उभारल्या. त्यांत कोळशाच्या बारीक कणांवर जंतू वाढवायचे, त्यांना व्हिनेगरसारखं आंबट खाद्य घालायचं आणि हवा बंद ठेवायची. हवा नाही म्हटल्यावर ते बिचारे त्या मिठातलाच प्राणवायू ओढून घेतात. मागं राहतो तो साधा, निरुपद्रवी क्षार.

अंपारोचा त्या टाक्यांवर जीव जडला. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आई नाक दाबायची. "आली बाई लोणच्याची बरणी! जेवले का तुझे किडे?"

"जेवले. आता मला वाढ."

"हात धू आधी. टॉर्टियांना वास लागेल तुझा."

पण बघा कसं असतं. या मायलेकींचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं, गावाच्या हद्दीबाहेर. तिथं नळ आलाच नव्हता. गावाचं पाणी साफ करणारी बाई, आणि तिच्या घरी पाणी विहिरीचं! कुणाला लाज वाटली का? छे.

ओबदुलियाचा विहिरीवर विश्वास होता असं नाही. तिचा कशावरच विश्वास नव्हता. मायदेशी, मिचोआकानमध्ये, ती लहान असताना तिचा धाकटा भाऊ हगवणीनं गेला, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून उकळल्याशिवाय पाणी हे पाणीच नाही, असं तिनं मनाशी धरलं. नोकरीच्या आधी अंपारोला दिवस गेले तेव्हा तर तिनं कहरच केला. पातेलं चुलीवर चढायचं ते पाणी अर्धं होईपर्यंत उतरायचं नाही. "अर्धं उरलं की ते खरं पाणी," म्हणायची, आणि निववून स्वतःच्या हातानं लेकीला पाजायची.

यारेली जन्मली ती गुबगुबीत आणि शांत. रडणं माहीत नाही. आम्ही सगळे म्हणायचो, किती गुणाची पोर! गुणाची कसली. शेजारची पोरं बडबडू लागली तरी ही नुसतं बोट दाखवायची. अंपारोचं थायरॉइड तपासलं तर ते मंद निघालं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणातही तसंच असणार. पाण्यामुळं असेल, नसेलही, कुणी शपथेवर सांगू शकणार नाही.

त्यानंतर ही नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यानं सगळ्यांना बजावलं, हे पाणी उकळू नका म्हणून लोकांना सांगा. वाफ होऊन पाणी उडतं, मीठ उडत नाही. जितकं आटवाल तितकं जहाल. अंपारो ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर ते पातेलं होतं.

घरी आली, आणि गप्प राहिली. विहीर तपासून घेतली. जे निघायचं तेच निघालं. दुसऱ्या दिवसापासून ती केंद्रावरून मोठाले कॅन भरून आणायला लागली. शेजारपाजारच्या बायकांना सांगितलं, विहिरीचं पिऊ नका, विकतचं आणा. आईला म्हणाली, "फुकट मिळतं कामावर." आई तेही उकळायची. त्यात मीठच नव्हतं, उकळेना का बापडी. असं वाटायचं अंपारोला. आईचं मन राहिलं, पोरीचं पाणी सुधारलं, आणखी काय पाहिजे!

मग आमच्या रस्त्यावर नळ आणायचं ठरलं आणि चर्चच्या हॉलमध्ये सभा लागली. मिस ब्रॉडी नावाची इंजिनिअर बाई आली होती, मोठी मनमिळाऊ. ती इंग्रजीत बोलायची, अंपारोनं ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. ओबदुलिया पहिल्या रांगेत, लेकीचा तोरा मिरवायला ठेवणीतली शाल घेऊन. शेजारी नव्यानं राहायला आलेली चायो. तिचं पोट आता चांगलंच दिसत होतं.

मिस ब्रॉडी म्हणाली, नळ येईपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका, आणि उकळून तर मुळीच नको. अंपारोनं पहिलं सांगितलं. दुसरं गिळलं.

चायोनं हात वर केला. "ताई, मी उकळूनच पिते. चालेल ना?"

अंपारोनं तोंड उघडायच्या आत ओबदुलिया मागं वळून सगळ्या हॉलला म्हणाली, "न चालायला काय झालं? मीच शिकवलंय तिला. अर्धं होईपर्यंत! माझ्या लेकीला नऊ महिने तेच पाजलं मी."

बायका हसल्या. चायोही हसली, पोटावरून हात फिरवत. गप्प बसावं, तर त्या पोरीचं बाळ. बोलावं, तर आई. देवानं असा प्रसंग वैऱ्यावर आणू नये.

"नाही, चायो," ती म्हणाली. "उकळू नकोस. मीठ जात नाही, पाणी तेवढं जातं. अर्धं केलंस तर दुप्पट जहाल होतं."

ओबदुलिया लेकीकडं बघत राहिली. मग तिनं शाल घट्ट ओढून घेतली, जशी काही थंडी वाजत होती.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"नोकरीला लागल्यापासून."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू, आई? कुठल्या तोंडानं?"

"माझ्या हातानं पाजलं गं मी तुला."

"डॉक्टर म्हणालेत ना, नक्की कुणालाच..."

"डॉक्टरांचं राहू दे." मग घर येईपर्यंत दोघीही रडत होत्या, एकमेकींकडं न बघता.

नळ आला. चायोला मुलगा झाला, रात्रंदिवस रडून सगळा रस्ता जागवणारा. त्याचा आवाज आला की ओबदुलिया उठून आतल्या खोलीत जायची. केंद्राचे किडे जेवले का, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. अंपारोनं विषय काढला तर म्हणायची, "तुझं तूच बघ बाई, मला काय कळतंय."

एका दुपारी यारेली रिकामा पेला घेऊन आजीपाशी आली. तिचा झगा ओढला, आणि नव्यानंच जमलेला शब्द जोर लावून म्हणाली, "पाणी."

नळ हाताच्या अंतरावर होता. ओबदुलियानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आईकडं माग, सोन्या," ती म्हणाली. "माझ्याकडं नको."