कुप्यासाठी एकच जागा

आमच्या वस्तीवर कुणाच्या घरी मरळ शिजली की लोक म्हणायचे, गहिनीनाथनं धरली असंल. धरलेली असायची त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी. पण धरणावरून येताना पिशवी गहिनीनाथकाकांच्या हातात असायची आणि छबुबाई दहा पावलं मागे, त्यामुळे वाटेत भेटणारा माणूस काकांनाच विचारायचा. काका नाही म्हणायचे नाहीत. छबुबाईही काही बोलायच्या नाहीत.

छबुबाई बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचं माहेर धारूरच्या डोंगरात. तिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी नसायचं, मासा कुठून बघणार. मासे धरायला त्या ऊसतोडीला गेल्यावर शिकल्या. लग्नानंतरच्या तिसऱ्या पट्ट्याला, म्हणजे तोडणीच्या तिसऱ्या हंगामाला, टोळी वारणेच्या काठी उतरली होती. लेक सायली सहा महिन्यांची होती. एक ट्रॅक्टर भरून गेला की दुसरा येईपर्यंत तास-दीड तास मिळायचा. बाकीच्या बायका तेवढ्यात पाठ टेकायच्या. छबुबाई धुणं घेऊन नदीवर जायच्या आणि एका म्हाताऱ्याचा गळ बघत बसायच्या. म्हाताऱ्यानं एक दिवस त्यांना गळ आणि वीसेक हात तंगूस दिला. तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. ती बोटाला गुंडाळायची, गळाला पिठाची गोळी लावायची आणि वाट बघायची. काठी नाही, दुसरं काही नाही. मासा लागला की हातानंच ओढायचा. आजही कुंडलिकेच्या धरणावर त्या तशाच बसतात.

"चिलापी टुकटुक करती," त्या मला सांगायच्या. "मरळ गप घिऊन जाती, चोरावानी. रोहूचं काय खरं न्हाई, एकदम हिसका देतो."

वडवणीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. श्रावणात त्या पीकविम्याच्या कामाला आल्या होत्या. सर्व्हर बंद होता म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. मालवणकडे समुद्रात होडी, होडीत चार माणसं, हातात काठ्या. एकाची काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्याला लागलं. खूप वेळानं वर आला तो मासा निळा-काळा, पोटाला चांदीसारखा, हातभर लांब. व्हिडिओखाली बोनिटो लिहिलं होतं. कोकणात त्याला कुपा म्हणतात, हे मी वाचून सांगितलं.

"पुन्यांदा लाव," मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. त्या माशाकडे बघत नव्हत्या, त्या काठी धरणाऱ्याच्या हाताकडे बघत होत्या.

"हे लोक कोण हायती? कोळी हायती का?"

"नाही मावशी, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं. पैसे भरायचे, होडीवाला नेतो. काठी, चारा सगळं तोच देतो. मासा कुठे आहे तेही तोच दाखवतो."

"बायामाणसाला नेतो का?"

"नेतो की."

एवढंच बोलून त्या गेल्या. आठ दिवसांनी लातूरहून सायलीचा फोन आला. ती तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "दादा, मायनं आजवर माझ्याकडं काही मागितलं न्हाई. पहिल्यांदा मागितलंय. पैसे मी पाठवते, तू तेवढं बुकिंग कर."

तारीख अवघड होती. पावसाळ्यात समुद्र बंद. दसऱ्यानंतर होड्या नीट चालू होणार, आणि बबनराव मुकादमाचा ट्रॅक्टर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन निघणार. एकदा निघालं की सहा महिने उसात. मधले चारच दिवस हाताशी होते. देवगडच्या पुढे कुबल नावाचा एक होडीवाला मिळाला. दसऱ्यानंतरच्या सोमवारची सकाळ ठरली. मावशी आणि काका दुकानात आले, मी फॉर्म भरला, पावती काढून दिली. काकांनी ती दोनदा घडी करून टोपीत ठेवली. त्या दिवसापासून पारावर बोलणं सुरू झालं. "औंदा समुद्रात चाललोय," काका सांगायचे. "कुपा धरायला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी बबनरावांची यादी छापत होतो. दरवर्षी टोळीची यादी मीच करतो. बबनराव समोर खुर्चीत बसून पानं मोजत होते. तेवढ्यात कुबलांचा निरोप आला. सोमवारच्या प्रवाशांची नावं त्यांनी खात्रीसाठी पाठवली होती. तीन नावं पुण्याची. चौथं गहिनीनाथ. पाचवं नव्हतंच.

मी माझा फॉर्म उघडून बघितला. माणसं किती, या रकान्यात मीच एक लिहिलं होतं.

कसं झालं ते मला लगेच कळलं. फॉर्म भरताना आधार नंबर हवा होता. तो बबनरावांच्या यादीत होता, म्हणून मी ती यादी उघडून गहिनीनाथकाकांची ओळ उचलली आणि तशीच चिकटवली. त्या यादीत एका ओळीत एक कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं. नाव नवऱ्याचं. बायको आपोआप त्यात धरलेली. गेली पाच वर्षं मी दीडशे-दोनशे ओळींची ती यादी करतोय, आणि माझी आईही अशाच एका ओळीत वीस वर्षं होती. एक कोयता, एक ओळ, एक. माझा हात तसाच चालला. मावशी समोर बसल्या होत्या तरी.

मी कुबलांना फोन लावला.

"पाचवो माणूस घेऊचो नाय," ते म्हणाले. "होडीक चारचीच परवानगी आसा. एक जरी जास्त घेतलंय तर माझा लायसन जाईत."

"दुसरी होडी? दुसरा दिवस?"

"कोजागिरीपर्यंत सगळा भरलेला आसा. उद्या दसरो, परवा रविवार. बंदरार यादी आजच देऊची लागता. नाव बदलूचा आसात तर पाच वाजेपर्यंत कळवा. माणूस वाढूचो नाय."

सव्वातीन वाजले होते. मी काकांना फोन केला. अर्ध्या तासानं दोघं मोटारसायकलवरून आले. मावशींच्या खांद्याला नवीन पिशवी होती. बाजारातून प्रवासाचा चिवडा घेऊन तशाच आल्या होत्या. मी जे झालं ते सांगितलं. चूक माझी आहे, हे पहिलं सांगितलं.

काका आधी हसले. "म्हंजे एक कोयता धरला व्हय तू. मंग बरोबरच हाय की. आमी एकच हावोत."

"काका, तिथे एकाला एकच जागा असते. होडीत एकच जण जाणार."

काकांचं हसू गेलं. बबनराव यादीवरून मान वर न करता म्हणाले, "काय बे इंजिनेर, चांगला कोयता फोडलास की. ट्रॅक्टर निघायच्या आत."

मग तेच पुढे म्हणाले, "ह्यात इचार कसला? गहिनीनाथ, तुझं नाव हाय, तू ये जाऊन. बाईमाणूस तीन परक्या गड्यात, भर समुद्रात, काय करील? उलट्या करील आन् येईल."

"तसंच करावं लागंल," काका म्हणाले. त्यांनी मावशींकडे बघितलं नाही. "तू धक्क्यावर बस. समुद्र तर दिसंल. मी आणतो कुपा."

मावशी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी प्रिंटरमध्ये कागद भरायचं नाटक केलं. पाच मिनिटांनी काका बाहेर गेले आणि त्यांच्याजवळ उभे राहिले. दुकान एका खोलीचं, दार उघडं. सगळं ऐकू येत होतं.

"राग आला का?"

"न्हाई."

"मंग उटली कावून?"

"आत गरम व्हतंय."

"पोरानं चुकी केली. मी केली का?"

"तुमाला गळ धरता येतो का?" मावशींनी विचारलं.

"ते शिकवत्यात तिथं. व्हिडिवात बघितलं न्हाई का."

"सायलीच्या बापा, मी इचारलं तुमाला येतो का."

काका डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले.

"अठ्ठावीस पट्टे झाले," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या बबनच्या बापापासून. सगळे तुमच्या नावावर तोडले. घरची मरळ बी तुमच्याच नावावर. मी कदी बोलले का? न्हाई बोलले. पर ह्यो एक मासा मला पायजे. लई न्हाई मागत."

"पारावर समद्यांना सांगितलंय मी."

"मंग आता जाऊन सांगा, बायकू चालली म्हणून."

"हसतील."

"हसू द्या. दोन दिस हसतील. मंग ट्रॅक्टर येतोय, कुणाला येळ हाय."

काका आत आले तेव्हा साडेचार वाजले होते. त्यांनी टोपीतून पावती काढली, टेबलावर ठेवली आणि बबनरावांकडे पाठ करून म्हणाले, "तिचं नाव टाक."

बबनराव म्हणाले, "तू काय बांगड्या भरल्यास का गहिनीनाथ?"

"बबनराव, तुमी तुमची यादी बघा."

मावशींचं आधार कार्ड त्यांच्याकडेच होतं, पण त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसल्यानं मला ते पूर्ण टाइप करावं लागलं. वडिलांचं नाव विचारलं तेव्हा कळलं, धोंडीराम.

पुढचं मी काकांकडून आणि कुबलांकडून ऐकलेलं सांगतो.

दोन बस बदलून ते पोचले. सोमवारी पहाटे होडी निघाली. मावशींनी साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट घातलं. काका धक्क्यावर चपला आणि चिवड्याची पिशवी घेऊन बसले. ते म्हणाले, होडी ठिपक्याएवढी झाली आणि मग ठिपका पण दिसंना, तवा मला भ्या वाटलं. लग्नानंतर ती माझ्यापासून एवढी लांब कधी गेलीच नव्हती.

बबनराव म्हणाले होते तसं झालंच. मावशींनी दोनदा उलट्या केल्या. पुण्याची माणसं चांगली होती, त्यांनी लिंबू दिलं. साडेआठच्या सुमाराला पाण्यावर पक्षी गोळा झाले, पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं आणि कुबल ओरडले की कुपा आला. पुण्याच्या एकाला लागला, मग मावशींच्या काठीला. काठी खाली वाकली. काठीवरची दोरीची रीळ करकर करत सुटली. कुबल सांगत होते, एवढा जोरात नेणारा मासा त्या सकाळी दुसरा नव्हता. दोन-तीन मिनिटं मावशींनी काठी पोटाशी दाबून धरली. मग तंगूस तुटला. मावशी मागे फळीवर बसल्या, हातातून रक्त येत होतं.

अकरा वाजता धक्क्याला आल्यावर काकांनी काही विचारायच्या आधी मावशींनी हात पुढे केला. अंगठा आतल्या बाजूनं चिरला होता. गावातल्या डॉक्टरनं चार टाके घातले.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघाला. टाके घातलेल्या हातात कोयता धरता येत नव्हता. पहिले बारा दिवस काका एकटे तोडत होते, मावशी एका हातानं मोळ्या बांधत होत्या. बबनरावांनी वहीत त्यांचा अर्धा कोयता लिहिला. टोळीतल्या बायका म्हणायच्या, समुद्राचा मासा महागात पडला. काकांनी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी वाकून वाकून पाठ धरली तेव्हा तेही म्हणाले, "कशाला गेलती तिकडं." मावशींनी त्या रात्रीचं जेवण केलं नाही. हे मला सायलीनं सांगितलं.

नोव्हेंबरच्या शेवटी दुपारी मावशींचा फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर होती.

"लेकरा, एक काम कर. त्या होडीवाल्याला इचार, तंगूस कितीचा व्हता. बारीक व्हता का. माज्या मनातून जात न्हाई."

मी विचारून सांगतो म्हणालो. कुबलांना फोन केला. ते म्हणाले तंगूस नवा होता, कुप्याच्या दुप्पट वजन त्यानं पेललं असतं. चूक दोरीची नव्हती. रीळ फिरायला लागल्यावर मावशींनी तिच्यावर अंगठा दाबून धरला. कुप्याला पळू द्यायचं असतं. अडवला की तो तोडतो.

मला दोन दिवस फोन करवला नाही. दोरी बारीक होती म्हणालो असतो तर त्यांचं समाधान झालं असतं. तसं सांगावं असं फार वाटलं. पण त्यांच्याबाबतीत एक चुकीची नोंद मी आधीच केली होती.

तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि आहे तसं सांगितलं. रीळ कशी असते, तिची पकड ठरावीक जोरावर कशी सैल सुटते, मासा पळून पळून दमतो आणि मगच गुंडाळायचं, हे सगळं मी जरा जास्तच खुलासेवार सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगत व्हता तो," मावशी म्हणाल्या. "सोडा, सोडा म्हणला. तीनदा म्हणला. मला ऐकू येत व्हतं."

"मग?"

"हाताला लागल्यालं सोडायचं कसं, लेकरा? धरणावर सोडलं की गेलं."

"आता अंगठा कसा आहे?"

"वळतोय. कोयता बी धरते आता."

मागून काकांची हाक आली, ट्रॅक्टर लागला होता. मावशी त्यांना थांबा म्हणाल्या.

"किती हात सोडायचं म्हणलास?"

"पन्नास-साठ हात. तो थांबेपर्यंत."

"साठ," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हाक आली तसा फोन बंद झाला.