काळ्या कागदाचा कावळा आणि उपाशी काका

बुधवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी मला अक्कल सुचली. वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्यानंतर ती परत आलीच नाही. चहाचा घोट आधी गिळून घ्या बरं, नाहीतर ठसका लागेल आणि तो दोषही माझ्यावरच यायचा!

तर पितृपक्ष. सासऱ्यांची तिथी. गॅलरीच्या ग्रिलबाहेर छज्ज्यावर केळीचं पान वाढलेलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी, आणि कडेला झाकणभर 'ती'. माणूस गेला म्हणून आवड थोडीच जाते?

कावळ्याने घास शिवला की मग घरच्यांनी जेवायचं. पण कावळा कुठाय? नवीन पनवेलात कबुतरं हवी तेवढी! कबुतराने शिवलेलं चालत असतं, तर आमचे सगळे पितर केव्हाच तरले असते.

हॉलमध्ये काका, म्हणजे माझे चुलतसासरे, पोट धरून बसलेले. त्यांना डायबेटिस. "सूनबाय, माझी साखर उतरली ना, तर पुढच्या साली दोन पानं मांडशील!"

आणि त्यांच्या शेजारी सासूबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं, डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. दिसत काही नव्हतं, पण बोलायला चष्मा लागतो का?

भांडण जुनंच. ओवी पाच वर्षांची, मनू चारची, आणि मी दोघींना घरीच शिकवते. का म्हणजे? आमच्या रस्त्याने डंपर बघितलेत? त्यांच्यामधून ती शाळेची व्हॅन जाणार, मागचं दार सुतळीने बांधलेलं! पोरी परत येईपर्यंत मी जिवंत राहायला नको? मी सातवी पास आहे हो, पहिलीपर्यंतचं सगळं येतं मला. शिवाय घोटीव कागदाचे मासे, होड्या, पंखे. आमच्याकडे फ्रीज दिसत नाही, मासेच दिसतात.

सासूबाई म्हणायच्या, "कागूद कापून पोरी शिकतील क शिंपिनी व्हतील?" त्या दिवशी तर त्यांनी नवऱ्याला बजावलंच होतं, "म्हेश, जेवान झाला क शालंचा नक्की कराचा. आजच!"

म्हणजे जेवण होईपर्यंतच माझी शाळा जिवंत. काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. आणि अकरा वाजून सतरा मिनिटांनी...

"आई, कावळा कावळ्याला बोलावतो! आम्ही कागदाचा करतो. हाच आजचा धडा!"

बसलो तिघी. काळा घोटीव कागद, पंख्यासारख्या घड्या घातलेले पंख, झाडूच्या काडीचे पाय. ओवीने चोच चिकटवली. मनूने स्वतःलाच चिकटवलं. कावळ्याची पाठ डिंकाने ओली होती, फाटत होती, म्हणून दोरा बांधला पायाला, आणि दिला टांगून बाहेर, पानाच्या बरोब्बर वर. डोकं खाली, पंख पसरलेले, वाऱ्यावर गोल फिरतोय. मला वाटलं, काय सुंदर उडतोय! कलाकाराचं मन, काय करणार?

आणि आले की हो! समोरच्या टाकीवर एक. मग केबलवर चार. मग सगळं सेक्टर काळं! अशी काव काव, की वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी वाकून विचारलं, "कोणी गेलं का हो?"

"गेले त्यांनाच बोलावतोय," मी म्हटलं.

सासूबाई खूश. "आयले क गो? पोरी हुशार हायत तुज्या!" बाई गं! लग्नानंतरचं पहिलं सर्टिफिकेट.

पण एकही खाली उतरेना. घिरट्या घालायचे, बोंबलायचे, परत टाकीवर.

"आवरे कावले, न एक पन शिवत नाय?" सासूबाईंचा आवाज बदलला. "मालकाचा मन कशात तरी आडाकलंय. बोला रं, एकेक जन."

नवऱ्याने हात जोडले. "बाबा, तुमची होडी विकत नाही." कावळे जागचे हलले नाहीत.

काकांनी घसा खाकरला. "दादा, होडीतलं तुजं नवं जालं मीच नेलेलं."

"आरं चोरा!" सासूबाई उसळल्या. "न मी इतकी वर्सं शेजारनीशी बोलत नाय!"

तरी कावळा नाहीच. काकांची नजर झाकणाकडे गेली. "दादा, मी सोडतो. पन आज नको."

मग तो काळा चष्मा हळूहळू माझ्याकडे वळला. "नाती शालंत जात नाय, ह्येच दुख हाय त्याला."

"बोल गो बाय," काका कळवळले, "माझं हात थरथराया लागलं!"

आता सांगा, काय करायचं? एकीकडे माझ्या पोरी, दुसरीकडे उपाशी पितर आणि त्याहून उपाशी काका. रडतच म्हटलं, "बाबा, सोमवारपासून दोघींना शाळेत घालते!"

शाळा ऐकताच मनू ओरडली, "मग माझा कावळा पण!" आणि ग्रिलमधून हात घालून तिने तो खस्सकन ओढून घेतला.

झप! एक जाडजूड कावळा थेट वड्यावर. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. चष्म्यावरूनच. काकांचा तोवर दुसरा वडा संपला होता.

जेवताना सासूबाईंच्या हाताला मनूचा कागद लागला. "ह्यो काय गो?"

"माझा कावळा. पाय वर, डोकं खाली!"

खिरीची वाटी तोंडाजवळच थांबली. "सूनबाय... उलटा टांगलंस?"

"हो. का?"

"आगो, कोल्याची ना तू? बोंबील सुकत घालतंव, तवा काठीवर काय टांगतंव?"

आठवलं! काळ्या चिंध्यांचा कावळा! पायाला बांधून, उलटा! मेलेला कावळा लटकताना दिसला की बाकीचे वरून आरडाओरडा करतात, पण सुकटीला चोच लावत नाहीत. आणि माहेरी दरवर्षी तो बनवायचं कोण? मीच! अख्ख्या कोळीवाड्यात माझ्यासारखा कावळा कुणाला जमायचा नाही!

"मग आई, बाबा रुसले नव्हतेच! वचन रद्द ना?"

"बराबर! सगल्यांचा रद्द!" काका घाईने म्हणाले.

"तू जालं आन आदी," सासूबाई गरजल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शबूद कावल्याला दिलंस क मालकाला?"

झालं. सोमवारी पोरी व्हॅनमधून गेल्या. दाराची सुतळी मी स्वतः तीनदा ओढून बघितली. मनू कावळ्याला घेऊन गेली, सरळ धरून.

तेव्हा एवढा निरोप पुढे पोचवा. ज्यांच्याकडे कावळा शिवत नसेल त्यांनी पितरांना काहीही कबूल करण्याआधी गॅलरीत डोकावून बघावं, वर काय लटकतंय. आणि ज्यांचे बोंबील कावळे पळवतात, त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा. सेक्टरमध्ये 'कावळेबाईंचं घर' विचारलं की कोणीही दाखवेल. दुपारी मोकळीच असते आता.