लाल ठिपक्याचा डबा

प्राध्यापक जाधव गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते दुःख नव्हतं. हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते. पण सुरुवात दुसरीकडून केली तर पुढचा प्रत्येक शब्द खोटा ठरेल. कॉलेजच्या फाटकापाशी आमचे शिपाई पाटीलमामा उभे होते. "सर, आपले जादव सर गेलं. सकालीच छातीन कल आली नि..." एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी "अरेरे" म्हणालो, आणि त्याच क्षणी आत खोल कुठेतरी एक गाठ सैल झाल्याचं मला स्पष्ट जाणवलं. मी एकदा खोटं बोललो होतो हे ज्याला ठाऊक होतं असा एकमेव माणूस आता उरला नव्हता. ती सुटका होती. पन्नाशी ओलांडलेल्या, सभ्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकून सुटका वाटली... काही आठवडे उलटले तरी त्या सुटकेची चव माझ्या तोंडातून गेलेली नाही.

जाधव आमच्या कॉलेजात आले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. वाशीतले निम्मे सेक्टर रिकामे होते. आमची इमारत चुन्याच्या वासाची, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून थेट खाडीपर्यंत दिसे. मी प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख. जाधव माझ्याहून काही वर्षांनी लहान, सावळे, उंच, बोलताना मान किंचित तिरपी करणारे. मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काही काळ काम करून आलेला हा माणूस आमच्यासारख्या नव्या कॉलेजात का आला, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते हसून म्हणाले, "सर, तिथे मी दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर शोधत होतो. इथे माझा स्वतःचा प्रश्न घेऊन बसता येईल."

त्यांचा प्रश्न साधा दिसे. स्वादुपिंडाची पेशी जन्मभर एकच उद्योग करते: प्रथिनं घडवायची आणि बाहेर पाठवायची. अमिनो आम्लांची माळ ओवली जात असतानाच ती पातळ पडद्यांच्या नळ्यांत शिरते, तिथे तिला घड्या पडून आकार येतो, पुढे ती पिशव्यांत बांधली जाते आणि पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडते. यातली काही प्रथिनं इतकी जहाल, की मोकळी सुटली तर ज्या पेशीने घडवलं तिलाच पचवून टाकतील. म्हणून पेशी ती निष्क्रिय रूपात, बंद पिशवीत ठेवते. या वाटेवर कुठे थांबावं लागतं, आणि थंडीने वाट अडवली तर नेमकी कुठे अडते, हे जाधवांना पाहायचं होतं. महागडी यंत्रं आमच्याकडे नव्हती. दाढीच्या अर्ध्या पात्याने ते बोकडाच्या स्वादुपिंडाचे कागदासारखे काप काढत, ते क्षारांच्या द्रावणात जिवंत ठेवत. एक बशी बर्फावर, दुसरी शरीराइतक्या उबेत. मग त्या बशांतलं थोडं पाणी आयोडीन घातलेल्या पिठुळ पाण्यात टाकत. पीठ पचवणारं प्रथिन पेशीबाहेर पडलं असेल तर त्या पाण्याचा निळा रंग उडे. उबेतल्या बशीच्या पाण्याने निळा रंग हळूहळू फिका होई, बर्फावरच्या पाण्याने तसाच राही. पहिल्यांदा ते दिसलं त्या दुपारी त्यांनी माझा दंड धरून मला बशीपाशी नेलं होतं. "बघा सर, वाट बंद आहे. माल तयार आहे, पण दार उघडत नाही." मी खरोखर आनंदलो होतो. निदान तेवढं तरी खरं होतं.

स्वादुपिंड ताजं लागे, नाहीतर ते स्वतःलाच पचवू लागतं. जाधव सकाळी तुर्भ्याच्या खाटकाकडून ते घेत, कोळणींकडून बर्फ मागून घेत आणि स्टीलच्या कडीच्या डब्यातून आणत. तसाच दुसरा डबा त्यांच्या जेवणाचा. घोटाळा होऊ नये म्हणून त्यांच्या पत्नीने प्रयोगाच्या डब्याच्या झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे डबे मधोमध मांडून जेवत असू. जाधवांकडे तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी कुळथाचं पिठलं. वनस्पतिशास्त्राच्या देसाईबाई रोज विचारत, "जाधव, आज कुठला उघडताय? बोकडाचा की घरचा?" त्यावर जाधव गंभीर चेहऱ्याने म्हणत, "बोकडाचाच घ्या बाई. घरचा तुम्हाला झेपायचा नाही, तिखट फार." हसत हसत आमचे हात त्यांच्या डब्याकडे जात. सुकट सगळ्यांत आधी मी संपवत असे.

जाधव हे आडनाव अनेक घरांत असतं. आम्ही ते आमच्या सोयीने लावून घेतलं होतं; त्यांनी काही लपवलं नव्हतं आणि आम्ही काही विचारलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी त्यांना कोपरखैरण्याच्या नव्या वसाहतीत घर मिळालं. त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिला मोगऱ्याचा हार, खाली मेणबत्त्या. मला आठवतं, देसाईबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी देसाईबाईंकडे. त्या नजरेत एक सबंध गाव होतं. वहिनींनी ताटं मांडली. मी म्हणालो, "वहिनी, माझा आज उपास आहे. चतुर्थी." चतुर्थी नव्हती. वहिनींनी माझ्यासमोरचं ताट उचललं, पाण्याचा पेला मात्र तिथेच ठेवला. मी त्या पाण्यालाही हात लावला नाही. जो माणूस त्याच बाईच्या हातची सुकट चार वर्षं बोटं चाटून खात होता, त्याच्या घशाखाली आता पाणी उतरत नव्हतं. किळस म्हणतात ती काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. ती जिभेवर नसते, नाकात नसते. वाडवडिलांनी बांधून ठेवलेली ती एक पिशवी असते, आणि ती नेमक्या वेळी फुटते.

त्यानंतर खोलीतला विनोद तोच राहिला, पण हात थांबले. "नको बाबा, डबा चुकला तर?" असं म्हणत एकेक जण चमचा मागे घेऊ लागला. आम्हाला लाल ठिपका सोयीचा झाला. पुढे जाधव आपला डबा मधे ठेवीनासे झाले आणि खिडकीपाशी बसून जेवू लागले. मग बोलणं सुरू झालं ते वासाचं. त्यांची प्रयोगशाळा शिक्षकांच्या खोलीला लागून होती. तिथून मांसाचा वास येतो, जेवण जात नाही, अशी तक्रार प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्याच सकाळी मी जाधवांच्या टेबलावर ओणवा झालो होतो, कापांवर जवळजवळ नाक टेकवून म्हणालो होतो, "काय सुरेख ताजं आहे हो, वास म्हणून नाही." आणि दुपारी प्राचार्यांनी मला विचारलं, "विभागप्रमुख म्हणून तुम्ही सांगा. वास येतो का?"

जाधवांनी मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती. मी काय उत्तर देणार याविषयी त्यांना शंकाच नव्हती, आणि म्हणूनच ते पाहणं मला सहन होईना. मी टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणालो, "येतो."

जाधवांना सायकल स्टँडमागची पत्र्याची खोली मिळाली. फ्रिज आमच्याकडेच राहिला, कारण तो विभागाचा होता आणि विभाग माझा होता. मार्च उजाडला तसा पत्रा तापू लागला. बर्फ तासाभरात पाणी होई. आणि मग खरोखर वास सुटला. उग्र, गोडसर, घशाला चिकटणारा वास. स्वादुपिंडं स्वतःला पचवू लागली होती. सायकली लावायला येणारी मुलं नाकाला रुमाल धरत. प्राचार्य मला जिन्यात थांबवून म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर होतं हं." माझ्या खोट्याला मीच असं खरं करून दाखवलं होतं. एकदा, फक्त एकदा, मी त्या खोलीत गेलो. दोन्ही बशांच्या पाण्याने निळा रंग उडवला होता, बर्फावरच्याही. जाधव घामाने निथळत होते. मला वाटलं, आता ते काही बोलतील. ते म्हणाले, "सर, आता सगळंच बाहेर येतंय. पेशी फुटल्यावर आत काय नि बाहेर काय, मोजायचं तरी कशाला?" पुढच्या आठवड्यात त्यांनी बशा धुऊन परत केल्या. विद्यापीठातली त्यांची पीएच. डी.ची नोंदणी पुढे आपोआप गळून पडली.

ते मला नंतरही कधी टाकून बोलले नाहीत. ते शिकवत राहिले, आणि फार सुंदर शिकवत. एकदा मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. पेशीत नव्याने जन्मणाऱ्या प्रथिनाच्या टोकाशी, ते कुठे जाणार हे सांगणारा एक छोटा तुकडा असतो, हे ते समजावत होते. "हा त्याचा पत्ता. तो पाहूनच त्याला दार उघडतात. आणि गंमत म्हणजे, आत घेतल्यावर तो तुकडा कापून टाकतात. पुन्हा कोणी विचारत नाही, तू कुठला." जरा थांबून त्यांनी खडू फळ्यावर टेकवला. "पेशी आपल्यापेक्षा जुनी आहे, मुलांनो, पण बरीच सुधारलेली आहे." मुलं हसली. मीही हसलो. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि तो मला ओकारीसारखा वाटतो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या दिवशी आम्ही कॉलेजची माणसं कोपरखैरण्याला गेलो. खोली तीच, तसबीर तीच. शेजारी आता जाधवांचा फोटो. दारात वहिनी होत्या. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, आज उपास नाही ना?" इतक्या वर्षांनी. मी पाणी प्यालो. पेला रिकामा करूनच परत दिला.

आत माणसं दाटीने बसली होती. मला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. समोरच्या फळीवर, तिखटाच्या आणि हळदीच्या डब्यांच्या ओळीत, तो कडीचा डबा होता. लाल ठिपका विटून तपकिरी झाला होता. एक बाई आतून आली, तिने झाकण उघडून मूठभर मीठ घेतलं आणि डबा जागेवर ठेवला. घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या जेवणात त्या डब्यातलं मीठ पडत होतं. आम्ही मात्र त्याच्या जोडीच्या जेवणाच्या डब्याला विटाळ ठरवून मोकळे झालो होतो.

निवृत्त प्राचार्य श्रद्धांजली वाहायला उठले. म्हणाले, "जाधव मोठे संशोधक झाले असते. पण वासाची अडचण होती, इमारत लहान, नाइलाज झाला." जमलेल्यांनी माना हलवल्या. जाधवांचा थोरला मुलगाही मान हलवत होता. वडिलांचं संशोधन थांबल्याचं हेच कारण तो यापुढे आपल्या मुलांना सांगणार होता. वहिनी मात्र मान हलवत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मान किंचित तिरपी करून.

मी उठलो. माझा आवाज मुळातच लहान, तो त्या गर्दीत पोचेना, म्हणून मला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं: "वहिनी, वास येत नव्हता. पत्र्याच्या खोलीत धाडेपर्यंत कधीच येत नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी 'येतो' म्हणून सांगितलं, कारण तुमच्या घरचं पाणी मला चालत नव्हतं. जाधवांचं काम मी मोडलं. मला माफ करा."