फळीशेजारचा दगड

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. नातवंडं विचारायची, आजोबा, तुम्ही त्या दलदलीत काय करायचात? मी म्हणायचो, बाटल्यांत हवा भरायचो. ती खिदळायची आणि विषय तिथेच संपायचा. परवा तोच प्रश्न पुन्हा आला, तेच उत्तर तोंडातून निघालं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली. म्हणून लिहायला बसलो.

मी महाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. शिकवलं कधीच नाही. तरी आमच्या बिरवाडी गावात सगळे मला मास्तर म्हणतात आणि मीही ते म्हणू दिलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून कंटाळलो होतो, तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेची माणसं आली. गावाबाहेर नदीने कधीकाळी सोडलेल्या पात्रात पाणी साचून मोठी पाणथळ झाली आहे. अशा जागेच्या चिखलातून मिथेन निघतो आणि तो हवा तापवतो. तो किती निघतो, आणि पाण्यात काय काय विरघळलेलं असतं, हे त्यांना वर्षभर मोजायचं होतं. दर आठवड्याला पुण्याहून येणं जमणार नव्हतं. काचेची उपकरणं हाताळलेला गावातलाच माणूस हवा होता. मी लगेच हो म्हणालो.

काम अवघड नव्हतं. चिखलात प्लास्टिकची गोल कडी कायमची रोवलेली होती. कड्यावर पारदर्शक डबा उपडा घालायचा, थांबायचं, मग आत साठलेली हवा सिरिंजने ओढून छोट्या बाटलीत भरायची. पुन्हा थांबायचं, पुन्हा ओढायची. नंतर शेजारचं पाणी बाटलीत घ्यायचं, त्याची आम्लता तिथेच मोजायची, बाकीचं गाळून, बर्फात ठेवून पुण्याला पाठवायचं. त्यातला अमोनिया ते तिकडे मोजत. एक नियम मात्र पहिल्याच दिवशी बजावला होता: कड्याजवळ चिखलात पाय द्यायचा नाही. चिखल दाबला की आत अडकलेला वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि डब्यात शिरतो. यासाठीच काठापासून कड्यांपर्यंत लाकडी फळ्या टाकल्या होत्या. फळीच्या टोकाला गुडघे टेकून, ओणवं होऊन सगळं करायचं.

एका टोकाला नुसता लव्हाळा होता. तिकडे जनावर फिरकत नसे, फळी स्वच्छ असायची. दुसऱ्या टोकाला म्हशी डुंबायच्या. त्या दोन टोकांची तुलना हाच सगळ्या मापनाचा मुद्दा होता.

म्हशी एकाच बाईच्या होत्या. तिचा नवरा शाळेत माझ्या वर्गात होता, तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. मी तिला वहिनी म्हणायचो. आमच्या घरी दूध तिचंच यायचं. दुपारी म्हशी पाण्यात घालून ती काठावर करंजाच्या सावलीत बसायची आणि माझी मजा बघायची.

"मास्तर, डाल्याखाली कोंबडी झाकलीत काय?"

"हवा मोजतोय, वहिनी."

"पळेल हो ती. नीट दाबून धरा."

मी हसायचो नाही. माझं सगळं लक्ष फळीकडे असायचं. म्हशी तिला अंग घासत, शेपट्यांनी रेंदा उडवत, काठाकडच्या भागावर शेण टाकत. त्या लाकडावर कायम एक ओला, हिरवट काळा थर असायचा. त्यावर गुडघे टेकायचे, हात टेकायचे. वास नाकातून जायचा नाही. जेवायला बसलो की हाताला तोच वास. एकदा पोटरीला जळू लागली, आणि तिच्यापेक्षा तिला ओढताना बोटांना लागलेला बुळबुळीतपणा मला जास्त आठवतो. अंगाला खाज सुटायची म्हणून सव्याला जाऊन गरम कुंडाच्या पाण्याने पाय धुवायचो, लोक तिथे त्वचेच्या रोगांसाठी जातात तसा. माझं लहानपण शेणाने सारवलेल्या घरात गेलं. आई सारवायची त्या ओल्या जमिनीवर मी रांगलो असेन. पण पांढऱ्या कोटात आयुष्य काढल्यावर मला शेणाची किळस वाटू लागली होती, आणि शेणाबरोबर ज्यांच्या अंगाला ते लागतं त्यांचीही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

"शेण हाय ते, साप नाय," वहिनी म्हणायची. "पाय टाका की."

मी पाय टाकला नाही. एक दिवस काठावरचा मोठा सपाट दगड ढकलत नेऊन फळीशेजारी, कड्याला लागूनच चिखलात टाकला आणि गमबूट घालून त्यावर उभा राहू लागलो. गुडघे टेकायला नकोत, फळीला हात लावायला नको. मी उभा राहिलो की दगड थोडा खचायचा आणि कडेने बुडबुडे यायचे. ते मला दिसत होते. नियमही पाठ होता. मी मनाला सांगितलं, दगडावर उभं राहणं म्हणजे चिखलात पाय देणं नव्हे. प्रयोगशाळेत मुलांनी असली सबब सांगितली असती तर मी त्यांना बाहेर काढलं असतं.

लव्हाळ्याच्या टोकाला मात्र मी नेमाने फळीवर गुडघे टेकायचो. तिथे घाण नव्हती.

वर्ष संपलं. पुण्याहून निष्कर्ष आला: म्हशींच्या टोकाला मिथेन कितीतरी जास्त, पाण्यात अमोनियाही जास्त. ते टोक कुंपण घालून बंद करावं, अशी शिफारस. ग्रामसभेत ती वाचून दाखवली तेव्हा कोणीतरी म्हणालं, मास्तर तिथे कायम असतात, त्यांनाच विचारा. मी उठलो. त्या क्षणी मला दगडाकडेचे बुडबुडे आठवून शंका आली होती. पण फळीवरचा तो थर डोळ्यांसमोर आला, आणि मी म्हणालो, "मी डोळ्यांनी बघितलंय. जनावरांनी पाणी सडवलंय. म्हशी हेच कारण."

वहिनी मागे बायकांत बसली होती. "नि पलीकडच्या त्या कारखान्यांच्या पाण्याचा वास येतो तो? तो पण माझ्या म्हशींचाच काय?"

"तुझ्या म्हशींना ढेकर द्यायचं बंद करायला सांग गो," पुढून एकजण ओरडला, आणि सभा हसली. मीही हसलो. वर्षभरात तिच्या एकाही विनोदावर हसलो नव्हतो.

शिमगा झाल्यावर कुंपण आलं. मला शाल आणि नारळ मिळाला.

थोड्याच दिवसांनी संस्थेतली एक मुलगी नवीन यंत्र घेऊन आली. डब्यातली हवा नळीतून थेट त्यात जायची आणि पडद्यावर रेष चढताना दिसायची, बाटल्या भरायची गरज नव्हती. कुंपणाच्या आत म्हशी नव्हत्या, फळी वाळून कोरडी झाली होती. मुलगी फळीवर बसली. मी तिला नळी द्यायला पुढे झालो आणि सवयीने दगडावर पाय दिला. पडद्यावरची रेष उभीच्या उभी वर गेली.

"काका, हलू नका. खाली बघा, बुडबुडे." तिने दगडाकडे बघितलं. "हा इथे कुणी टाकला?"

"पोरं मासे धरायला येतात," मी म्हणालो.

"तुम्ही सँपल घेताना यावर उभे राहत नव्हतात ना?"

"छे. आज तोल गेला म्हणून."

"मग ठीक आहे. मला धस्स झालं. नाहीतर सगळंच फुकट गेलं असतं." तिने डबा उचलून हलवून हवा बदलली आणि पुन्हा मापन लावलं. माझ्या शब्दावर तिने एवढ्या सहज विश्वास ठेवला.

त्या दिवशी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे. निष्कर्ष मागे घेतला गेला असता, कुंपण निघालं असतं. म्हशींमुळे काहीच बिघडत नव्हतं, असा माझा दावा नाही. ते आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण त्या टोकाच्या हवेत आणि पाण्यात माझ्या पायाने काय मिसळलं, हे वेगळं काढता येत नाही. पण वहिनीच्या म्हशींना निदान तो उन्हाळा पाण्यात काढता आला असता.

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी अंगणात उभं राहवत नाही. म्हशीच्या काळ्या कातडीचं काय होत असेल! वहिनी हातपंपावरून कळशीने पाणी आणून त्यांच्या पाठीवर ओतायची. मी ते खिडकीतून बघायचो आणि खिडकी लोटून घ्यायचो. दूध आटलं. मग तिची गाभण म्हैस गाभडली, पोटातलं पारडू गेलं. गावात उन्हाचंच कारण सांगत होते. दोनच दिवसांत दलालाचा टेंपो येऊन म्हशी घेऊन निघाला आणि ती बाई रस्त्यात उभी राहून टेंपो वळेपर्यंत बघत राहिली. मीही बघत होतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून, हातात साबणाची वडी घेऊन.

पावसाळ्याआधी मी तिच्याकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो, वाटेत वाक्यं जुळवत. तिने पाट दिला, चूल फुंकली, चहा टाकला.

"दूध नाय हां मास्तर. कोराच घ्या."

"मला कोराच आवडतो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं माझ्या घरी दूध घालणारी बाई. मी चहात किती दूध घेतो हे तिला माहीत नसेल? मी चहा प्यालो, पावसाचं काहीतरी बोललो, आणि उठलो. चपला घालताना तिने विचारलं, "काय काम होतं मास्तर?" मी म्हणालो, "काय नाय, सहज."

त्या पावसाळ्यात तिची मुलगी तिला पनवेलकडे घेऊन गेली. तिथेच ती वारली. दिवस झाल्यावर मला कळलं.

काल त्या पुण्याच्या मुलीचा नंबर शोधून मी तिला दगडाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "काका, मी तेव्हाच विचारलं होतं तुम्हाला." तिने निष्कर्ष दुरुस्त करायचं कबूल केलं आहे. दुरुस्त होईल. पण जिने ते ऐकायचं होतं ती बाई आता नाही.

त्या दिवशी दारात, चपलेत पाय घालताना, मला हे म्हणायचं होतं: वहिनी, ते बुडबुडे म्हशींचे नव्हते. तुमच्या म्हशींच्या शेणात पाय पडू नये म्हणून मी दगडावर उभा राहिलो आणि दोष त्यांच्यावर टाकला. मला ते कळलं तेव्हा तुमची म्हैस गाभण होती आणि तिचं पारडू वाचलं असतं. मी गप्प बसलो. तुमची हात जोडून माफी मागतो.